शुभवर्तमाने मिटा, आधी पत्रे वाचा : पौलाच्या पत्रांतून येशूची माहिती कशी वेगळी काढायची

नवा करार उघडला की आधी मत्तय लागतो, मग मार्क, लूक, योहान, ही येशूच्या चरित्राची चार शुभवर्तमाने. पत्रे पार मागे. त्यामुळे येशूचे चरित्र आधी लिहिले गेले आणि पत्रे नंतर आली, अशी समजूत सहज होऊन बसते. काळाचा क्रम उलटा आहे. पौल या आरंभीच्या ख्रिस्ती प्रचारकाची पत्रे साधारण इ.स. ५० ते ६० च्या दरम्यानची. मार्कचे शुभवर्तमान बहुतेक अभ्यासक ७० च्या आगेमागे धरतात, मत्तय आणि लूक ८० ते ९०, योहान त्याच्याही थोडे पुढे. म्हणजे येशूविषयी आज हाती असलेला सर्वांत जुना मजकूर पत्रांतलाच.

पण तो चरित्र म्हणून लिहिलेला नाही. पौल कुठल्या तरी गावच्या मंडळीतले भांडण मिटवत असतो, कुणाच्या प्रश्नाला उत्तर देत असतो, यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करत असतो. बोलता बोलता येशूविषयी एखादी गोष्ट निघून जाते. मुद्दाम सांगायला न घेतलेल्या माहितीवर भरवसा जास्त ठेवता येतो, आणि ती माहिती मुळातच थोडी आहे. दोन्ही गोष्टी सारख्याच लक्षात ठेवून वाचायचे.

साहित्य आणि वेळ

एक मराठी बायबल. जमल्यास दोन भाषांतरे, एक बायबल सोसायटीचे आणि एक कॅथलिक. एक आडवी वही, शिसपेन्सिल, खोडरबर. पेनने लिहू नका. निम्म्या नोंदी नंतर एका रकान्यातून दुसऱ्यात जातात.

पौलाच्या नावावर १३ पत्रे आहेत. त्यांतली सात त्याचीच यावर जवळपास सर्वांचे एकमत आहे : रोमकरांस, करिंथकरांस पहिले आणि दुसरे, गलतीकरांस, फिलिप्पैकरांस, थेस्सलनीकाकरांस पहिले, आणि फिलेमोनाला. इफिसकरांस, कलस्सैकरांस आणि थेस्सलनीकाकरांस दुसरे यांवर वाद आहे. तीमथ्याला दोन आणि तीताला एक ही पौलाच्या नावाने नंतर कुणीतरी लिहिली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. इब्री लोकांस पत्रात लेखकाचे नावच नाही. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या ट्युबिंगेनचा अभ्यासक बाऊर तर फक्त चारच पत्रे खरी मानायचा : रोम, दोन्ही करिंथ आणि गलती. गंमत म्हणजे त्याची कात्री लावली तरी या कामात फारसे नुकसान होत नाही, कारण येशूविषयीची जवळजवळ सगळी माहिती त्या चारांतच आहे.

सात पत्रांचे मिळून ६१ अध्याय. नुसते वाचायला चारेक तास पुरतात. नोंदी करत जायचे तर आठ-नऊ दिवस धरा. मोठ्याने वाचलेले चांगले. ही पत्रे मंडळीत मोठ्याने वाचण्यासाठीच लिहिली होती. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राच्या शेवटी (५:२७) पौल तशी शपथच घालतो.

क्रम बदला

बायबलमधला पत्रांचा क्रम साधारण लांबीवर बेतलेला आहे : आधी मंडळ्यांना लिहिलेली, मोठ्यापासून लहानाकडे, मग व्यक्तींना लिहिलेली. त्या क्रमाने गेलात तर शेवटचे मोठे पत्र आधी हाती येते. त्याऐवजी थेस्सलनीकाकरांस पहिल्यापासून (सुमारे ५०) सुरुवात करा, मग पहिले करिंथ (सुमारे ५४), दुसरे करिंथ, गलती आणि सर्वांत शेवटी रोम (सुमारे ५७). गलतीकरांस पत्राची जागा नक्की नाही. काहीजण ते करिंथच्या आधी ठेवतात. फिलिप्पै आणि फिलेमोन तुरुंगातून लिहिलेली आहेत. तो तुरुंग इफिसचा की रोमचा यावर त्यांचे साल ठरते. ही दोन कुठेही वाचा, आपल्या कामात फरक पडत नाही.

अध्याय आणि वचनांचे आकडे डोळ्यांआड करा. अध्याय तेराव्या शतकात पडले, वचनांचे आकडे १५५१ मध्ये छापखानेवाल्या रॉबेर एस्तिएनने घातले. ते मजकुराच्या सांध्यावरच पडतील असे नाही. पहिल्या करिंथच्या अकराव्या अध्यायाचे पहिले वचन खरे तर दहाव्याचे शेवटचे वाक्य आहे.

तारखा कशावर टेकल्या आहेत

पौल कुठेही साल लिहीत नाही. सगळी गणती एका दगडावर येऊन थांबते. ग्रीसमधल्या डेल्फी इथे रोमी सम्राट क्लौद्याच्या पत्राचा कोरीव लेख तुकड्यांत सापडला. त्यात गल्लियो हा अखया प्रांताचा सुभेदार म्हणून येतो. लेखातल्या सम्राटाच्या बिरुदांवरून तो ५२ सालचा ठरतो, म्हणजे गल्लियोची कारकीर्द ५१-५२. प्रेषितांची कृत्ये (१८:१२) सांगतात की करिंथमध्ये पौलाला याच गल्लियोपुढे उभे केले. ‘कृत्ये’ हे पुस्तक लूकचे, त्यामुळे हा सांधा लूकच्या लेखनावर अवलंबून आहे, पौलाच्या नाही; वहीत तसे लिहून ठेवा.

मागे जाण्यासाठी गलती १ आणि २ वापरा. पौलाला येशूचा साक्षात्कार झाला. त्यानंतर तीन वर्षांनी तो यरुशलेमला गेला, केफाकडे (म्हणजे येशूचा शिष्य पेत्र याच्याकडे) १५ दिवस राहिला. १४ वर्षांनी पुन्हा गेला. ही दुसरी भेट ४८-४९ च्या सुमाराची धरली तर साक्षात्कार ३० नंतरच्या पाच-सहा वर्षांत पडतो. इथे सर्रास होणारी चूक म्हणजे १४ आणि ३ यांची सरळ बेरीज करून १७ वर्षे मोकळी सोडणे. त्या काळी अपुरे वर्षही पूर्ण मोजायचे, त्यामुळे ‘तीन वर्षे’ म्हणजे दोनच्या थोडी वर असू शकतात. शिवाय १४ कुठपासून मोजायची, साक्षात्कारापासून की पहिल्या भेटीपासून, हे वाक्यावरून ठरत नाही. वहीत आकडा न लिहिता पट्टा लिहा : ३१ ते ३६. दुसऱ्या करिंथात (११:३२) दिमिष्कातून (दमास्कसमधून) टोपलीत बसून निसटल्याची हकीकत आहे, त्यात अरीत राजाचे नाव येते. हा नबाती राजा ४० च्या सुमारास वारला, म्हणजे ती घटना त्याच्या आतली. पट्ट्याची वरची कड तिथून पक्की होते.

या गणितातून एक मोठी गोष्ट हाती येते. येशूला वधस्तंभाची शिक्षा देणारा रोमी सुभेदार पिलात याची कारकीर्द २६ ते ३६, येशूचा मृत्यू बहुधा ३० किंवा ३३. केफाकडच्या त्या १५ दिवसांत आणि येशूच्या मृत्यूत दहा वर्षांपेक्षा जास्त अंतर बसत नाही.

वहीतले पाच रकाने

पहिल्यात संदर्भ. दुसऱ्यात येशूविषयी काय म्हटले ते, पत्रातल्याच शब्दांत, स्वतःचा एक शब्दही न घालता. तिसऱ्यात ते का निघाले : कुठल्या भांडणात, कुठल्या प्रश्नावर. चौथ्यात पौलाला ते कुठून कळले असेल. पाचव्यात जात : ‘माहिती’, ‘परंपरा’, ‘प्रभूची आज्ञा’, ‘पडसाद’ किंवा ‘अर्थ’.

तिसरा रकाना रिकामा राहिला तर ती नोंद कच्ची समजा. बहुतेक वाचक याच रकान्यात कंटाळा करतात आणि मग सुटी वचने गोळा करून येशूचे एक ठिगळाठिगळांचे चित्र जोडून बसतात.

नमुना म्हणून गलती १:१९ घ्या. दुसऱ्या रकान्यात : ‘प्रभूचा बंधू याकोब’ याला पाहिले. तिसऱ्यात : आपले प्रेषितपण कुणा माणसाकडून मिळालेले नाही, यरुशलेमच्या पुढाऱ्यांशी आपला संबंध नावापुरता होता, हे पौलाला ठसवायचे आहे. चौथ्यात : स्वतः भेटला. पाचव्यात : माहिती. आता तिसऱ्या आणि दुसऱ्या रकान्याची सांगड घाला. येशूच्या भावाला भेटल्याचे कबूल करणे इथे पौलाच्या सोयीचे नाही. तरी तो करतो, आणि पुढच्याच वचनात देवासमक्ष खोटे बोलत नाही असे म्हणतो. ‘पौलाला पृथ्वीवरचा येशू माहीतच नव्हता, तो आकाशातल्या कुणाबद्दल बोलतो’ हा दावा या एका ओळीवर अडखळतो. या याकोबाचा उल्लेख ख्रिस्ती नसलेल्या जोसेफस या यहूदी इतिहासकाराकडेही आहे. ६२ साली त्याला दगडमार झाल्याचे तो लिहितो. भाऊ म्हणजे सख्खा, सावत्र की आतेमामेभाऊ, हा वाद चौथ्या शतकापासूनचा आहे. वसईच्या कॅथलिक घरात एक उत्तर मिळेल, नगरच्या प्रोटेस्टंट घरात दुसरे. वहीत वाद नोंदवा आणि पुढे चला. आपल्याला भेट महत्त्वाची.

‘प्रभूची आज्ञा’ ही जात जपून वापरा

पहिल्या करिंथचा सातवा अध्याय सर्वांत हळू वाचण्याजोगा आहे. करिंथकरांनी लग्न, काडीमोड, कौमार्य यांवर प्रश्न लिहून पाठवले होते (७:१). सातव्याच्या दहाव्या वचनात पौल म्हणतो, ही आज्ञा माझी नव्हे, प्रभूची : पत्नीने पतीला सोडू नये, पतीने पत्नीला टाकू नये. बाराव्यात लगेच म्हणतो, इतरांना प्रभू नव्हे तर मी सांगतो. पंचविसाव्यात : कुमारिकांविषयी मला प्रभूची आज्ञा नाही, मी माझे मत देतो.

येशूची वचने सोयीप्रमाणे रचायची मुभा त्या काळच्या मंडळ्यांत सर्रास असती, तर इथे एक वचन रचून टाकणे पौलाला अगदी सोपे होते. प्रश्न अडचणीचा होता आणि उत्तराला वजन हवे होते. तरी तो कुठे प्रभूचे आणि कुठे आपले हे वेगळे ठेवतो. एवढ्यावरून सगळी वचने अस्सल ठरत नाहीत, पण निदान हा लेखक भेद पाळतो हे दिसते.

काडीमोडाची ही बंदी मार्क १०:११-१२ मध्ये आणि लूक १६:१८ मध्येही आहे. मत्तय मात्र (५:३२, १९:९) व्यभिचाराचा अपवाद घालतो. पौलाकडे तो अपवाद नाही. जुने रूप बहुधा बिनअपवादाचे होते, असा कौल त्यामुळे मिळतो. ‘पत्नीने पतीला सोडू नये’ हे कलम रोमी जगात अर्थपूर्ण आहे, कारण तिथे बायकोही काडीमोड घेऊ शकत असे. यहूदी रिवाजात तो साधारणपणे नवऱ्याचाच हक्क होता. म्हणजे आज्ञा येशूची असली तरी शब्दांना करिंथचे वळण लागलेले असू शकते.

सुवार्ता सांगणाऱ्याने सुवार्तेवर पोट भरावे (१ करिंथ ९:१४), हीसुद्धा प्रभूची आज्ञा म्हणून येते. पौल स्वतः ती सवलत घेत नाही. न पाळलेली आज्ञा तो लपवत नाही, ही नोंद तिसऱ्या रकान्यात हवीच.

याउलट ‘छळणाऱ्यांना आशीर्वाद द्या’ (रोम १२:१४) किंवा रात्री येणारा चोर (१ थेस्सल ५:२) ही येशूच्या बोलण्याशी जुळतात, पण पौल ती येशूची म्हणून सांगत नाही. ती ‘पडसाद’ या जातीत टाका. पडसादाला आज्ञेचा दर्जा देऊन आकडा फुगवणे हा हौशी अभ्यासातला नेहमीचा दोष.

एक रात्र, जवळून

आता पहिल्या करिंथचे ११:२३-२५, येशूचे शेवटचे जेवण. करिंथमध्ये सामुदायिक भोजनात सधन लोक आधी जेवून घेत, कुणी उपाशी राही तर कुणी प्यालेला असे (११:२१). त्यांना लाज वाटावी म्हणून पौल त्या रात्रीची आठवण देतो. मिळाले तसे तुम्हांला दिले, असे म्हणून सुरुवात करतो. म्हणजे ५०-५१ च्या सुमारास, करिंथमध्ये असताना, हे त्याने तोंडी शिकवलेले होते. ही जात ‘परंपरा’.

दुसऱ्या रकान्यात फक्त इतके यावे : रात्र होती, येशू पकडून दिला गेला, त्याने भाकर घेतली, उपकार मानले, मोडली, हे माझे शरीर तुमच्यासाठी म्हणाला, जेवणानंतर प्याला घेतला, रक्तातला नवा करार म्हणाला, माझ्या आठवणीसाठी हे करा म्हणाला. इथे थांबा. कुणी पकडून दिले ते पत्रात नाही. माडीवरची खोली नाही, वल्हांडणाचा यहूदी सण नाही, शिष्यांची नावे नाहीत, शहरही नाही. शुभवर्तमानांत येशूला पकडून देणारा शिष्य यहूदा इस्कार्योत वहीत शिरला असेल तर तो तुमच्या आठवणीतून आला, खोडून टाका.

१५:३-८ ही अशीच मिळालेली-दिलेली यादी आहे : ख्रिस्त मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, केफाला दिसला, मग बारा जणांना, मग पाचशेहून अधिक बंधूंना, ज्यांतले बहुतेक अजून हयात आहेत, मग याकोबाला, मग सर्व प्रेषितांना, शेवटी मला. ‘पुरला गेला’ एवढेच आहे. रिकामी कबर आणि तिथे गेलेल्या बायका नाहीत. ‘उठवला गेला’ ही श्रद्धा, म्हणून जात ‘अर्थ’. ‘इतक्या लवकर इतक्या जणांची अशी श्रद्धा होती’ ही माहिती. दोन ओळी करा, दोन जाती लिहा.

बाकीच्या नोंदी पटापट

स्त्रीपासून जन्मलेला, नियमशास्त्राधीन (गलती ४:४), म्हणजे यहूदी. देहाने दावीद राजाच्या वंशातला (रोम १:३). हे सूत्र बहुधा पौलाच्या आधीचे, कारण रोमची मंडळी त्याने स्थापलेली नव्हती आणि ओळख पटवायला तो त्यांना परिचित शब्द वापरतो. सेवा सुंता झालेल्यांत, म्हणजे यहूद्यांत केली (रोम १५:८). भाऊ होते, ते बायकांना बरोबर घेऊन फिरत (१ करिंथ ९:५). वधस्तंभावर मेला, हे तर पानोपानी आहे. वीसेक ओळींत वही संपते.

जे नाही, त्याचे काय करायचे

नासरेथ नाही, गालील नाही, मरीयेचे नाव नाही, दाखले नाहीत, चमत्कार नाहीत, बाप्तिस्मा करणारा योहान नाही, पिलात नाही. एका गटाला वाटते, पौलाला हे माहीत नव्हते म्हणजे ते नंतर रचले. दुसऱ्याला वाटते, सगळ्यांना ठाऊक होते म्हणून लिहायची गरज नव्हती. दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. कसोटी सोपी आहे : ती माहिती दिली असती तर पौलाचा वाद जिंकायला मदत झाली असती का? नसती, तर मौनाला काही वजन नाही. असती, तर आहे. अन्नाच्या शुद्धाशुद्धतेवर रोम १४ मध्ये तो वाद घालतो. बाहेरून पोटात जाणारे काही माणसाला अशुद्ध करत नाही असे येशू म्हणतो, तो मार्क ७ मधला प्रसंग तिथे हुकमी ठरला असता. तरी तो प्रसंग येत नाही. १४:१४ मध्ये ‘प्रभू येशूमध्ये’ खात्री असल्याचे फक्त म्हणतो. हे मौन विचार करायला लावते. मरीयेचे नाव नसणे लावत नाही.

आणि मौनाच्या पोकळीत काहीही भरता येते म्हणून भरू नये. येशू भारतात आल्याचे जे फॉरवर्ड फिरतात, त्यांचा उगम १८९४ साली छापलेल्या, नोतोविच या रशियन प्रवाशाच्या पुस्तकापाशी जातो, पत्रांपाशी नाही.

शंकास्थळे

१ थेस्सल २:१४-१६ मध्ये यहूद्यांनी प्रभूला मारले असे आहे, आणि शेवटी त्यांच्यावर क्रोध आला असेही. काही अभ्यासकांना हा ७० सालच्या यरुशलेमच्या विध्वंसानंतर घुसडलेला मजकूर वाटतो. रोम ९ ते ११ मधल्या सुराशी तो जुळत नाही. पण तो नसलेले एकही हस्तलिखित नाही. पेन्सिलीने प्रश्नचिन्ह करा, खोडू नका, आणि त्यावर एकट्यावर काही उभारू नका.

हस्तलिखितांविषयी एवढे ध्यानात असू द्या : पौलाच्या हातचा कागद उरलेला नाही. त्याच्या पत्रांचा सर्वांत जुना मोठा संग्रह ‘पी ४६’ नावाचा पपायरस, सुमारे २०० सालचा. १०४ पानांपैकी ८६ पाने उरली आहेत, काही डब्लिनला, काही मिशिगनला. लिहिणारा हातही अनेकदा लेखनिकाचा. रोम १६:२२ मध्ये तर्तिय स्वतःच नमस्कार सांगतो, आणि गलती ६:११ मध्ये पौल आपली ठळक अक्षरे दाखवतो.

सातांपलीकडची पत्रे

ही वेगळ्या पानावर घ्या, पहिल्या वहीत मिसळू नका. इब्री लोकांस पत्रात येशू इस्राएलच्या यहूदा वंशातला (७:१४), वेशीबाहेर सोसलेला (१३:१२). याकोबाच्या पत्रात शपथ घेऊ नका (५:१२) हे मत्तय ५ शी जुळते, पण येशूचे नाव न घेता. म्हणजे पुन्हा पडसाद. पिलाताचे नाव नव्या करारातल्या पत्रांत एकदाच येते, १ तीमथ्य ६:१३ मध्ये, आणि ते पत्र पौलाच्या नावाने नंतर लिहिलेल्यांतले. अंत्युखियाचा बिशप इग्नाती दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत स्मुर्णेकरांना लिहितो तेव्हा पिलात आणि गालीलचा राज्यकर्ता हेरोद दोघेही ठामपणे येतात. पण तोवर शुभवर्तमाने लिहून झालेली होती, त्यामुळे चौथ्या रकान्यात ‘स्वतंत्र’ लिहायला आधार राहत नाही.

वही पूर्ण झाली की मार्क उघडा, पहिल्या अध्यायापासून नव्हे, १४:२२ पासून. ती रात्र पौलाच्या ओळींशेजारी ठेवा आणि मार्ककडे काय जास्त आहे, काय कमी आहे ते सहाव्या रकान्यात लिहा. ‘माझ्या आठवणीसाठी’ हे शब्द मार्ककडे नाहीत, लूककडे (२२:१९) आहेत. लूकच्या ‘बेझा’ नावाच्या एका जुन्या हस्तलिखितात मात्र ते गळलेले आहेत, हेही तिथेच नोंदवा.